व्हिडिओ खेळयंत्रे, जुनी : मेनूचालनाचे स्वयंचलन

जुन्या व्हिडिओ खेळयंत्राच्या पडद्यावरील मेनूतून इष्ट पर्यायापर्यंत पोहोचण्यासाठी जी बटणे दाबावी लागतात, ती माणसाऐवजी यंत्राकडून दाबवून घेण्याच्या व्यवस्थेस मेनूचालनाचे स्वयंचलन म्हणतात. या व्यवस्थेत मुख्यत्वे तीन कामे अंतर्भूत होतात : पडद्यावर काय दिसत आहे ते ओळखणे, त्यावरून पुढे कोणते बटण दाबावयाचे ते ठरविणे आणि तो निर्णय विद्युत् संकेताच्या रूपाने खेळयंत्रास पोहोचविणे. यांपैकी पहिल्या दोन कामांसाठी २०१० नंतरच्या काळात कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने उत्तरोत्तर अधिक वापरात आली. जुनी खेळयंत्रे या संज्ञेने येथे साधारणपणे १९७७ ते २००० या काळात प्रचारात आलेली व दूरचित्रवाणी संचास जोडावयाची यंत्रे अभिप्रेत आहेत.

आधुनिक संगणकातील आज्ञावलीस दुसऱ्या आज्ञावलीकडून थेट आदेश देता येतो. जुन्या खेळयंत्रात अशी सोय नसते. त्यातून बाहेर पडतात ते फक्त चित्र व ध्वनी आणि आत जातात ते फक्त बटणांचे संकेत. त्यामुळे बाहेरील यंत्रास पडदा ‘पाहून’ व बटण ‘दाबून’च, म्हणजे खेळाडूच्याच मार्गाने, काम करावे लागते. या विषयाची सारी वैशिष्ट्ये व अडचणी या एका गोष्टीतून उद्‌भवतात.

उपयुक्तता : मेनूचालन हे खेळाचे गौण अंग वाटले, तरी ज्यांच्या हातांची हालचाल मर्यादित आहे अशा व्यक्तींच्या दृष्टीने तेच मोठा अडसर ठरते. एखादा खेळ मंद गतीने खेळता येण्याजोगा असला, तरी त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी शंभरावर वेळा बटण दाबावे लागत असेल, तर तो खेळ अशा व्यक्तीस व्यवहारतः बंदच राहतो. निंटेंडो कंपनीने १९८९ मध्ये हनुवटीने व फुंकरीने चालविता येणारा हस्तमुक्त नियंत्रक उपलब्ध करून दिला होता. स्वयंचलित मेनूचालन हे त्याच दिशेचे पुढचे पाऊल होय. अंध व्यक्तींच्या बाबतीत पडद्यावरील मजकूर वाचून दाखविण्याचे कामही हीच व्यवस्था करू शकते.

दुसरा उपयोग जतनकार्यात होतो. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी सु. ८७ टक्के खेळ बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नाहीत, असे तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिले. अशा खेळांची नोंद व तपासणी करण्यासाठी मूळ यंत्रे वारंवार चालू करावी लागतात. हेच काम हाताने केल्यास ते कंटाळवाणे होते व त्यात चुका होतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १९७७ मध्ये आलेल्या अटारी २६०० या यंत्राची कार्यकारी स्मृती केवळ १२८ बाइटांची होती. तीत शब्दबद्ध मेनूला वाव नव्हता. खेळाचा प्रकार निवडण्यासाठी यंत्रावर एक कळ असे व ती दाबली की, पडद्यावरील क्रमांक एकाने वाढे. ‘कॉम्बॅट’ या खेळात असे २७ प्रकार होते. हवा असलेला क्रमांक चुकून ओलांडला गेल्यास पुन्हा पूर्ण फेरी मारावी लागे. १९८३ मध्ये जपानमध्ये आलेले फॅमिकॉम व त्याची १९८५ मधील अमेरिकी आवृत्ती एनईएस यांत मजकूर दाखविणे सुलभ झाले आणि शब्दबद्ध मेनू रूढ झाले. पुढे काडतुसात विद्युत् घटाच्या साहाय्याने खेळाची प्रगती साठविण्याची सोय झाल्यावर नवी नोंद करणे, जुनी पुढे चालविणे व पुसून टाकणे असे पर्याय मेनूत आले. १९९४ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन यंत्राच्या स्मृतिपत्रात अशा नोंदींसाठी १५ खंड असत व त्यांच्या व्यवस्थेसाठी यंत्रातच स्वतंत्र मेनू होता.

यंत्राकडून बटणे दाबवून घेण्याची कल्पना खेळाडूंच्या जगात रुजलेली आहे. आधी ठरविलेला बटणांचा क्रम मूळ यंत्रास पुरविणारी ‘टासबॉट’ ही योजना जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील एका सार्वजनिक कार्यक्रमात प्रथम दाखविण्यात आली. तीत ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ हा खेळ चालू असताना केवळ बटणांच्या संकेतांद्वारे त्याच यंत्रात दुसरे खेळ निर्माण करण्यात आले. टासबॉट पडदा पाहत नाही. ठरलेला क्रम ठरलेल्या क्षणी देणे एवढेच ती करते. म्हणून तिला कृत्रिम बुद्धिमत्तेचे उदाहरण म्हणता येत नाही.

चित्राचे ग्रहण : खेळयंत्रातून निघणारा सदृश चित्रसंकेत प्रथम अंकीय रूपात आणावा लागतो. यासाठी वापरली जाणारी चित्रग्राहक उपकरणे दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी बनविलेली असतात. प्रक्षेपणात विषम व सम रेषा आळीपाळीने रेखाटल्या जातात. उलट बहुतेक जुनी खेळयंत्रे दर वेळी त्याच रेषांवर चित्र उमटवितात. ग्राहक उपकरण हा भेद न ओळखता दोन लागोपाठच्या चौकटी एकत्र विणते. त्यामुळे एका चौकटीत दिसणारी व पुढच्या चौकटीत लपणारी आकृती अर्धवट दिसते किंवा मुळीच दिसत नाही. मेनूतील लुकलुकणारा दर्शक हे याचे नेहमीचे उदाहरण होय. दर्शक ज्या क्षणी विझलेला असतो, नेमक्या त्याच क्षणाचे चित्र घेतल्यास कोणताच पर्याय निवडलेला नाही असे भासते. म्हणून एका चित्रावर विसंबून न राहता लुकलुकण्याच्या एका पूर्ण आवर्तनातील अनेक चित्रे तपासतात.

मजकुराचे वाचन : फॅमिकॉमचा पडदा २५६ × २४० चित्रबिंदूंचा असून पार्श्वभूमी ८ × ८ चित्रबिंदूंच्या चौरसांनी बनते; म्हणजे पडद्यावर ३२ × ३० = ९६० चौरस मावतात. एका वेळी उपलब्ध असलेल्या २५६ नमुन्यांपैकीच एक नमुना प्रत्येक चौरसात बसतो. एखाद्या खेळाचे अक्षरनमुने एकदा नोंदून ठेवले की, पडद्यावरील प्रत्येक चौरस त्या नमुन्यांशी ताडून मजकूर वाचता येतो. यास कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज नसते व ही रीत अतिशय जलद असते.

नमुने आधी ठाऊक नसल्यास, लिपी अपरिचित असल्यास, संकेतात गोंगाट असल्यास किंवा पर्याय शब्दांऐवजी चित्रांनी दाखविलेले असल्यास ही रीत अपुरी पडते. छापील मजकूर ओळखणारी टेसरॅक्टसारखी आज्ञावली येथे वापरता येते. परंतु ती मुख्यतः कागदावरील स्पष्ट अक्षरांसाठी घडविलेली असल्याने ८ चित्रबिंदू उंचीच्या अक्षरांवर चुकते. चित्र पूर्णांकी पटीने मोठे करून दिल्यास निष्कर्ष सुधारतो. चित्र व भाषा दोन्ही हाताळणारी मोठी प्रतिमाने २०२३ पासून सर्वसाधारण वापरात आली. पडद्याचे चित्र देऊन ‘येथे कोणते पर्याय आहेत व कोणता निवडलेला आहे’ असे त्यांना साध्या भाषेत विचारता येते. अपरिचित मेनूचा अर्थ लावण्यात त्यांचे सामर्थ्य आहे. मात्र दर्शक नेमका कोणत्या ओळीसमोर आहे, यांसारख्या सूक्ष्म स्थाननिश्चितीत त्यांची चूक होण्याचा संभव असतो.

बटणांचा संकेत : फॅमिकॉम गटातील नियंत्रकात ४०२१ या क्रमांकाचे एकात्मिक मंडल असते. खेळयंत्राकडून इशारा येताच ते आठही बटणांची स्थिती एकदम टिपते आणि ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे या ठरावीक क्रमाने एकेक करून यंत्राकडे पाठविते. स्वयंचलनासाठी नियंत्रकाच्या जागी सूक्ष्मनियंत्रक जोडून त्याच क्रमाने तेच संकेत देता येतात. खेळयंत्राचे मंडल ५ व्होल्टांवर चालते, तर अलीकडचे अनेक सूक्ष्मनियंत्रक ३·३ व्होल्टांवर चालतात. म्हणून मध्ये दाब जुळविणारे मंडल घालतात. दुसऱ्या रीतीत मूळ नियंत्रकातील प्रत्येक बटणाच्या दोन टोकांना प्रकाश-युग्मक जोडतात व प्रकाशाच्या साहाय्याने ते बटण मिटवितात. या रीतीत खेळयंत्र व स्वयंचलन यंत्र यांचा विद्युत् संबंध येत नाही, त्यामुळे दुर्मिळ यंत्रास धोका कमी असतो.

खेळाची आज्ञावली साधारणपणे प्रत्येक चौकटीत एकदा बटणांची स्थिती विचारते. भारतातील पाल पद्धतीच्या दूरचित्रवाणीत सेकंदाला ५० चौकटी येतात, म्हणजे दोन विचारणांमध्ये ०·०२ सेकंदाचे अंतर असते. नवा पडदा उभा करण्यात आज्ञावली गुंतलेली असेल, तर काही चौकटींत ती विचारतच नाही. अशा वेळी फार अल्पकाळ दाबलेले बटण निष्फळ ठरते. उलट फार काळ दाबून ठेवल्यास दर्शक एकाऐवजी अनेक ओळी पुढे जातो. व्यवहारात सु. पाच चौकटी दाबणे व पाच चौकटी सोडणे, म्हणजे एका दाबास ०·२ सेकंद, असे मध्यम प्रमाण बहुधा पुरते.

मार्गनिश्चिती : मेनूंच्या संपूर्ण रचनेस बिंदू व बाण यांच्या जाळ्याचे रूप देता येते. प्रत्येक पडदा व त्यावरील दर्शकाचे स्थान मिळून एक बिंदू आणि एका बिंदूकडून दुसऱ्याकडे नेणारे प्रत्येक बटण म्हणजे एक बाण. एकदा असा नकाशा तयार झाला की, कमीत कमी दाबांचा मार्ग गणिती रीतीने काढता येतो.

उदा., एका मेनूत प्रत्येक पानावर दहा नावे असून खालचे बटण एक ओळ व उजवे बटण एक पान पुढे नेते असे मानू. पहिल्या नावावरून १३७ व्या नावाकडे ओळीओळीने गेल्यास १३६ दाब व २७·२ सेकंद लागतात. पान उलटत गेल्यास १३ व नंतर ६ असे एकूण १९ दाब पुरतात व ३·८ सेकंदांत काम होते. फरक केवळ वेळेचा नसतो. प्रत्येक दाब यशस्वी होण्याची संभाव्यता ०·९९ धरल्यास १९ दाब बिनचूक होण्याची संभाव्यता सु. ०·८३ येते, १३६ दाबांसाठी ती सु. ०·२५ इतकीच उरते. म्हणजे दर शंभरात एक इतक्या क्षुल्लक दोषानेही लांब मार्गावरील चार प्रयत्नांपैकी तीन चुकतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक दाबानंतर पडदा पुन्हा पाहणे व दर्शक अपेक्षित जागी असल्यासच पुढे जाणे. अभियांत्रिकीतील पुनःप्रदाय तत्त्वाचाच हा उपयोग होय.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे स्थान : डीपमाइंड या संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत संगणक अटारी २६०० चे ४९ खेळ केवळ पडद्यावरील चित्रबिंदू व गुण यांवरून शिकला. ही पद्धत मेनूस मात्र नीट लागू पडत नाही. कारण मेनूत योग्य निवड केल्याबद्दल गुण मिळत नाहीत. बटणांचे हेतू न कळता उद्दिष्ट गाठू पाहणाऱ्या यंत्राचे एक मार्मिक उदाहरण त्यापूर्वी, २०१३ मध्ये घडले. टॉम मर्फी यांनी तयार केलेली खेळ खेळणारी आज्ञावली ‘टेट्रिस’मध्ये हरण्याच्या बेतात आली, तेव्हा तिने खेळ थांबविण्याचे बटण दाबले व पुन्हा चालू केलाच नाही. हरणे टाळण्याचा तिला सापडलेला तो एकच मार्ग होता.

२०२५ मध्ये क्लॉड व जेमिनी या भाषा-प्रतिमानांनी पोकेमॉन मालिकेतील जुने खेळ खेळल्याचे प्रयोग प्रेक्षकांसमोर झाले. जेमिनीने त्यांपैकी ‘पोकेमॉन ब्लू’ हा खेळ मे २०२५ मध्ये पूर्ण केला. तथापि हे प्रयोग अनुकारक आज्ञावलीवर झाले आणि त्यांत चित्राबरोबरच खेळाच्या स्मृतीतील माहितीही प्रतिमानास पुरविली जात होती. प्रत्यक्ष जुन्या यंत्रात ही माहिती बाहेर काढण्याचा सोपा मार्ग नसतो. शिवाय मोठ्या प्रतिमानास एका चित्रावर विचार करण्यास काही सेकंद लागतात. तेवढ्यात खेळयंत्राच्या शेकडो चौकटी उलटून जातात.

या कारणांमुळे कामाची विभागणी करणे श्रेयस्कर ठरते. अपरिचित पडद्याचा अर्थ लावणे, मेनूचा नकाशा रचणे व त्यासाठी लागणारी आज्ञावली लिहिणे ही कामे प्रतिमानाकडे सोपवितात. तर ठरलेले बटण ठरलेल्या वेळी दाबणे व नमुने ताडणे ही कामे साध्या, निश्चित आज्ञावलीकडे राहतात. नकाशात नसलेला पडदा समोर आला, तरच प्रतिमानास पुन्हा विचारले जाते.

अपरिवर्तनीय क्रिया : चुकलेली निवड बहुधा मागे फिरून सुधारता येते, परंतु साठविलेली नोंद पुसणे व स्मृतिपत्र नव्याने आखणे या क्रिया परत फिरविता येत नाहीत. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या खेळाच्या एनईएस आवृत्तीत तीन नोंदींच्या खाली नाव नोंदविण्याचा पर्याय असून त्याच्या लगेच खाली नोंद पुसण्याचा पर्याय आहे; दर्शकही दिशेच्या बटणाने न हलता सिलेक्ट बटणाने हलतो. येथे एक दाब जास्त झाला, तर यंत्र नाव नोंदविण्याऐवजी पुसण्याच्या पडद्यावर पोहोचते. २०१४ मध्ये हजारो प्रेक्षकांनी एकाच वेळी आदेश देऊन पोकेमॉनचा खेळ चालविला, तेव्हा मेनूतील अशाच गोंधळात जमविलेले अनेक प्राणी कायमचे सोडून दिले गेले. एखाद्या कुटुंबात तीस वर्षांपूर्वी खेळलेल्या खेळाची नोंद काडतुसात शिल्लक असेल, तर ती पुसली गेल्यावर पुन्हा मिळविण्याचा उपाय नसतो.

म्हणून काही दंडक पाळले जाणे आवश्यक असते. पुसण्याकडे नेणारे बाण नकाशातून मुळातच वगळावेत. ‘होय–नाही’ असा प्रश्न दिसताच व्यवस्था थांबावी. पडदा ओळखता न आल्यास अंदाजाने बटण दाबू नये. शक्य असल्यास नोंदीची प्रत आधी काढून ठेवावी आणि अखेरची संमती माणसाने द्यावी. ज्या व्यक्तीस एकच बटण दाबता येते, तिच्यासाठी ते एक बटण या संमतीसाठीच राखून ठेवणे इष्ट होय. अशाने श्रम यंत्राचे व निर्णय माणसाचा अशी वाटणी साधते.

महाराष्ट्रातील स्थिती : पडद्यावरील चित्र व त्याचा यंत्राने लावलेला अर्थ, या दोन्ही विषयांशी मुंबईचा जुना संबंध आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफरॅक या संगणकास आलेख व अक्षरे दाखविणारा ऋण किरण नलिकेचा पडदा जोडलेला होता. त्याच्या उभारणीत प्रमुख वाटा असलेले रंगस्वामी नरसिंहन यांनी पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात इलियाक–३ या संगणकासाठी चित्रांचे विश्लेषण वाक्यरचनेप्रमाणे नियमांनी करण्याची पद्धत मांडली. पडद्याचे भाग ओळखून त्यांच्या परस्परसंबंधांवरून अर्थ लावणे, ही मेनूवाचनातील कल्पना त्याच विचाराच्या जवळची आहे.

१९९० नंतरच्या दशकात फॅमिकॉमच्या धर्तीवर बनविलेली स्वस्त यंत्रे मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून विकली जात. ठाण्याच्या वर्तकनगरसारख्या गृहनिर्माण वसाहतींतील आणि कल्याण-डोंबिवलीकडील मध्यमवर्गीय घरांना व्हिडिओ खेळांचा परिचय झाला, तो मुख्यत्वे अशा यंत्रांच्या द्वारे. त्यांच्या काडतुसांवर ‘९९९९ इन १’ अशी संख्या छापलेली असे. प्रत्यक्षात निराळे खेळ थोडेच असून तीच नावे किंचित बदलून पुनःपुन्हा येत. काही नोंदी केवळ त्याच खेळाच्या पुढच्या टप्प्यापासून आरंभ करीत. अशा काडतुसाची खरी गणती हे स्वयंचलनास साजेसे काम आहे. प्रत्येक नोंद उघडून तिचा पहिला पडदा टिपावयाचा व सारखे पडदे एकत्र करावयाचे, अशी ही रीत आहे. दर नोंदीस १० सेकंद धरल्यास ९,९९९ नोंदींना सु. २८ तास लागतात. माणसाला हे काम जवळजवळ अशक्य आहे. यंत्र ते दोन दिवसांच्या आत पुरे करते.

या यंत्रांचे मेनू इंग्रजीत असत, देवनागरीत नव्हेत. त्याचे एक कारण तांत्रिक आहे. शिरोरेषा, तिच्या वरील व अक्षराखालील मात्रा आणि जोडाक्षरे ८ चित्रबिंदूंच्या उंचीत स्पष्ट मावत नाहीत. संगणकाच्या पडद्यावर भारतीय लिप्या आणणारे जिस्ट तंत्र आयआयटी कानपूर येथे विकसित झाले व पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढले. परंतु घरगुती खेळयंत्रांपर्यंत ते पोहोचले नाही. इंग्रजी न वाचणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांना हे मेनू त्यामुळे परकेच राहिले. मराठी बोलणे समजणारी व पडद्यावरील इंग्रजी किंवा जपानी मजकुराचा मराठीत अर्थ सांगणारी साधने आता उपलब्ध होत असून भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेला भाषिणी हा उपक्रम याच दिशेचा आहे. अशी साधने मेनूचालनाच्या व्यवस्थेस जोडल्यास मराठीत सांगितलेला खेळ चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रावर त्यात काहीही फेरफार न करता सुरू करता येईल.